चुलीचा धूर आणि लासलगावचे किरण : अन्नातील घातक द्रव्यांच्या चौकशीचा इतिहास (इ.स. १९३९ ते २०१५)

सारांश

मांस प्रखर उष्णतेवर भाजले अथवा तळले असता त्यात काही घातक द्रव्ये निर्माण होतात, ही गोष्ट विसाव्या शतकात क्रमाक्रमाने सिद्ध झाली. त्याच शतकात अन्न टिकविण्यासाठी गॅमा किरणांचा वापर करण्याची पद्धती विकसित झाली आणि या किरणांमुळे अन्नात घातक द्रव्ये तयार होतात काय, या प्रश्नावर जगात व भारतात दीर्घकाळ वाद झाला. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे २००२ मध्ये सुरू झालेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र म्हणजे त्या वादाचे एक फलित होय. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन चौकशांचा इतिहास एकत्रितपणे तपासला आहे. किरणांना परवानगी मिळण्यापूर्वी चौकशीला सामोरे जावे लागले, तर अग्नीची चौकशी हजारो वर्षांच्या वापरानंतर आणि बहुतांशी योगायोगाने झाली. अन्नातील धोक्याविषयीची सामाजिक भीती द्रव्याच्या प्रमाणापेक्षा प्रक्रियेच्या नवेपणावर अवलंबून राहिली आणि त्यामुळे चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला गेला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मांसाहार, कर्करोगकारक द्रव्ये, अन्नविकिरण, लासलगाव, कृषक केंद्र, चुलीचा धूर.

१. प्रस्तावना

लासलगाव हे निफाड तालुक्यातील गाव कांद्याच्या व्यापारामुळे देशभर परिचित आहे. येथील कृषी उत्पन्न बाजार समितीची स्थापना १९४७ साली झाली. येथे निघणाऱ्या कांद्याच्या भावाची दखल दिल्लीपर्यंत घेतली जाते. या गावाची दुसरी ओळख मात्र तुलनेने अल्पपरिचित आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषी उत्पादन संरक्षण केंद्र’, म्हणजेच ‘कृषक’, येथे २००२ पासून अस्तित्वात आहे. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी मूलद्रव्यापासून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडले असता कांद्याला कोंब फुटत नाहीत. या साध्या तत्त्वावर केंद्राची उभारणी झाली.

किरणांची प्रक्रिया केलेले अन्न खाण्यास योग्य आहे काय, असा प्रश्न सर्वसामान्य ग्राहकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. याच प्रश्नावर शास्त्रज्ञ, शासनसंस्था आणि ग्राहक चळवळी यांच्यात सुमारे अर्धशतक विचारमंथन झाले. परंतु ज्या स्वयंपाकघरात हा कांदा अखेरीस पोहोचतो, तेथील तवा, शेगडी आणि चूल यांनाही असाच प्रश्न विचारता येतो. उष्णता हीदेखील ऊर्जाच होय. तीही अन्नाचे रासायनिक स्वरूप बदलते आणि मूळ पदार्थात नसलेली द्रव्ये निर्माण करते. विशेषतः मांसाच्या बाबतीत अशा द्रव्यांपैकी काही द्रव्ये कर्करोगकारक असल्याचे निष्पन्न झाले आहे. एका प्रक्रियेची चौकशी आधी आणि दुसरीची इतकी उशिरा का झाली, हा या शोधनिबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) मांस शिजविताना निर्माण होणाऱ्या घातक द्रव्यांच्या शोधाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) भारतातील अन्नविकिरणाच्या वादाचे, विशेषतः १९७५ च्या गहू प्रकरणाचे, स्वरूप समजावून घेणे.
३) लासलगाव येथील केंद्राचे या इतिहासातील स्थान निश्चित करणे.
४) घातक द्रव्यांचा संपर्क समाजातील कोणत्या घटकास अधिक होतो, याची चिकित्सा करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैज्ञानिक निबंध, शासकीय नियम आणि आंतरराष्ट्रीय संस्थांचे अहवाल यांचा आधार घेतला आहे. १९३९ ते २०१५ हा कालखंड मुख्यतः विचारात घेतला आहे.

३. अग्नीची उशिरा झालेली चौकशी

काजळी आणि कर्करोग यांचा संबंध प्रथम स्वयंपाकाच्या संदर्भात लक्षात आला नाही. इ.स. १७७५ मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या कामगारांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. १९१५ मध्ये जपानमधील यामागिवा आणि इचिकावा यांनी सशाच्या कानाला दीर्घकाळ कोळशाचे डांबर लावून कर्करोग निर्माण करून दाखविला. १९३३ मध्ये लंडन येथील संशोधकांनी डांबरातून बेन्झोपायरीन हे कर्करोगकारक द्रव्य वेगळे केले. कारखाना, धुराडे आणि डांबर यांच्या संदर्भात हे ज्ञान जमा होत होते. स्वयंपाकघराकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नव्हते.

स्वीडनमधील लुंड येथील शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी १९३९ मध्ये या दिशेने पहिले महत्त्वाचे पाऊल टाकले. भाजलेल्या घोड्याच्या मांसाचा अर्क उंदरांच्या त्वचेवर लावला असता त्यांना गाठी होतात, असे त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. भाजलेल्या अन्नात कर्करोग उत्पन्न करणारी द्रव्ये असतात, असे सांगणारा हा आरंभीचा वैज्ञानिक पुरावा होय. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि पुढील सुमारे पंचवीस वर्षे या निरीक्षणाचा फारसा पाठपुरावा झाला नाही.

१९६४ मध्ये लिजिन्स्की आणि शुबिक या अमेरिकेतील संशोधकांनी कोळशावर भाजलेल्या मांसात बेन्झोपायरीन व त्याच वर्गातील अन्य हायड्रोकार्बन आढळल्याचे ‘सायन्स’ या नियतकालिकात नमूद केले. ही द्रव्ये मांसात कशी येतात, याचेही स्पष्टीकरण पुढे स्थिर झाले. मांसातील चरबी वितळून निखाऱ्यावर पडते, तिचे अपूर्ण ज्वलन होते आणि उठणारा धूर ती द्रव्ये घेऊन पुन्हा मांसावर बसतो. म्हणजे या प्रकारात दोष मांसापेक्षा ठिबकणारी चरबी आणि धूर यांचा असतो.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा जपानमध्ये गाठला गेला. अमेरिकेतील ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी जीवाणूंच्या साहाय्याने उत्परिवर्तनकारक द्रव्ये ओळखण्याची सोपी व स्वस्त चाचणी विकसित केली होती. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील ताकाशी सुगिमुरा यांनी तिचा उपयोग भाजलेले मासे व मांस यांवर केला. घरात मासे भाजताना उठणाऱ्या धुरामुळे त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९७७ मध्ये या गटाने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांवरून असे दिसले की, भाजलेल्या भागातील उत्परिवर्तनकारक शक्ती केवळ बेन्झोपायरीनने स्पष्ट होण्यापेक्षा पुष्कळच अधिक आहे. या शोधातून हेटेरोसायक्लिक अमाइन या नव्या वर्गाची ओळख पटली. मांसातील क्रिएटिन, अमिनो आम्ले व शर्करा यांची साधारणतः १५० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात अभिक्रिया होऊन ही द्रव्ये बनतात. धूर नसलेल्या तव्यावरही ती निर्माण होऊ शकतात. १९८६ मध्ये अमेरिकेतील लिव्हरमोर येथील प्रयोगशाळेत तळलेल्या गोमांसातून या वर्गातील आणखी एक प्रमुख द्रव्य ओळखले गेले.

ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये यांपैकी एका द्रव्यास ‘बहुधा कर्करोगकारक’ आणि अन्य काहींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटांत स्थान दिले. ऑक्टोबर २०१५ मध्ये याच संस्थेच्या दहा देशांतील २२ तज्ज्ञांनी प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश पहिल्या गटात, तर तांबड्या मांसाचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला. दररोज ५० ग्रॅम प्रक्रियायुक्त मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज होता. येथे हे ध्यानात घेतले पाहिजे की, असे गट पुराव्याची बळकटी दर्शवितात. धोक्याचा आकार त्यांवरून ठरत नाही. मांसातील हेटेरोसायक्लिक अमाइनचे प्रमाण सामान्यतः एका ग्रॅममागे काही नॅनोग्रॅम इतके अल्प असते, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग होय.

विडमार्क यांच्या निबंधापासून २०१५ च्या वर्गीकरणापर्यंत ७६ वर्षे लोटली. या काळात भाजलेले मांस विकण्यासाठी कोठेही विषारीपणाच्या चाचणीची अट घातली गेली नाही, आणि तशी अट व्यवहार्यही नव्हती. अग्नी हा मानवी संस्कृतीचा भाग असल्याने तो कायद्याच्या चौकटीच्या आधीचा होता.

४. किरणांची आधीच झालेली चौकशी

किरणांचा इतिहास याउलट घडला. क्ष-किरण आणि किरणोत्सार यांचा शोध अनुक्रमे १८९५ व १८९६ मध्ये लागला. अन्न टिकविण्यासाठी किरणांचा उपयोग करण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात मांडली गेली. तथापि या कल्पनेला व्यापक राजकीय पाठबळ डिसेंबर १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रसंघात ‘शांततेसाठी अणू’ हा कार्यक्रम मांडल्यानंतर मिळाले. हिरोशिमा आणि नागासाकी येथील संहार लोकांच्या स्मरणात ताजा होता. अणूचे नाव ऐकताच लोकांच्या मनात संशय उत्पन्न होणे स्वाभाविक होते.

१९५८ मध्ये अमेरिकेच्या अन्नविषयक कायद्यात झालेली दुरुस्ती या इतिहासात निर्णायक ठरते. या दुरुस्तीनुसार किरणांच्या स्रोताची गणना अन्नात घातल्या जाणाऱ्या ‘मिश्रद्रव्यां’त करण्यात आली. किरण हे वास्तविक द्रव्य नाही, ती ऊर्जा आहे. परंतु कायद्याच्या या व्याख्येमुळे प्रत्येक विकिरणित पदार्थाची सुरक्षितता विक्रीपूर्वी सिद्ध करण्याची जबाबदारी प्रवर्तकांवर आली. तव्याची किंवा शेगडीची गणना अशा प्रकारे कधीच झाली नाही. दोन ऊर्जांना कायद्याने दोन वेगळी परिमाणे लावली, ती येथे.

या कायद्याचा पहिला मोठा फटका मांसालाच बसला. १९६३ मध्ये अमेरिकेत किरणांनी निर्जंतुक केलेल्या डबाबंद बेकनला परवानगी मिळाली. परंतु तिच्या आधारभूत प्रयोगांमध्ये त्रुटी असल्याच्या कारणावरून ती १९६८ मध्ये रद्द करण्यात आली. मांसाला पुन्हा मान्यता मिळण्यास दीर्घ काळ लागला. अमेरिकेत कोंबडीच्या मांसाला १९९० मध्ये, तर तांबड्या मांसाला १९९७ मध्ये मान्यता देण्यात आली.

अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० मध्ये जिनिव्हा येथे असा निष्कर्ष काढला की, सरासरी १० किलोग्रे मात्रेपर्यंत विकिरण केलेल्या कोणत्याही अन्नपदार्थात विषारीपणाचा धोका संभवत नाही. १९८३ मध्ये या निष्कर्षावर आधारित आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारले गेले. तरीही चौकशी थांबली नाही. चरबीयुक्त पदार्थांवर किरण सोडले असता अल्किलसायक्लोब्युटॅनोन नावाची द्रव्ये अल्प प्रमाणात बनतात. ही द्रव्ये केवळ किरणांमुळेच बनतात, असे मानून विकिरणित मांस ओळखण्याची खूण म्हणून त्यांचा वापर होऊ लागला. २००२ मध्ये युरोपातील एका प्रयोगात रासायनिक कर्करोगकारक दिलेल्या उंदरांमध्ये या द्रव्यांमुळे गाठींची वाढ अधिक झाल्याचे दिसले. त्यावरून चिंता व्यक्त झाली, परंतु युरोपीय समितीने हा पुरावा धोका ठरविण्यास अपुरा मानला. २००८ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रातील व मुंबईतील अन्य संशोधकांनी विकिरण न केलेल्या काजू व जायफळातही या वर्गातील द्रव्ये आढळल्याचे प्रसिद्ध केले.

५. हैदराबादचा गहू आणि सुखात्मे समिती

भारतातील वादाचे केंद्र मांस नव्हते, गहू होता. साठवणुकीतील गव्हाला किडीपासून वाचविण्यासाठी किरणांचा वापर करण्याचा विचार त्या काळी चालू होता. १९७५ मध्ये हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तीव्र कुपोषणाने ग्रस्त अशा १५ बालकांचे तीन गट करून एका गटास साधा गहू, दुसऱ्यास नुकताच विकिरणित केलेला गहू आणि तिसऱ्यास विकिरणानंतर साठवून ठेवलेला गहू देण्यात आला होता. गव्हाला दिलेली मात्रा ०.७५ किलोग्रे होती. दुसऱ्या गटातील बालकांच्या रक्तपेशींमध्ये गुणसूत्रांची संख्या वाढलेल्या, म्हणजे बहुगुणित, पेशी आढळल्याचे संशोधकांनी नमूद केले. गहू देणे थांबविल्यानंतर काही काळाने त्या दिसेनाशा झाल्या.

या निष्कर्षाने मोठी खळबळ उडाली. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगांत असा परिणाम आढळला नव्हता. देशातील दोन शासकीय संस्थांचे निष्कर्ष परस्परविरोधी असल्याने केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आनुवंशशास्त्रज्ञ पी. सी. केशवन आणि संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांची समिती नेमली. तिचा अहवाल १९७६ मध्ये सादर झाला.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते सुमारे दोन दशके प्रमुख होते आणि भूक व कुपोषण यांच्या मोजमापाविषयी त्यांचे चिंतन जागतिक पातळीवर चर्चिले जात होते. या समितीतील त्यांची नेमणूक अर्थपूर्ण ठरते, कारण वादाचा गाभा रसायनशास्त्रापेक्षा मोजणीचा होता. प्रत्येक गटात अवघी पाच बालके होती आणि प्रत्येक बालकाच्या तपासलेल्या पेशींची संख्याही मर्यादित होती. निरोगी व्यक्तीच्या रक्तातही बहुगुणित पेशी अल्प प्रमाणात आढळतात. असे असताना साधा गहू खाणाऱ्या बालकांमध्ये अशी एकही पेशी न आढळणे संशयास्पद होते. हैदराबादचे निष्कर्ष परस्परांशी विसंगत असून प्रस्थापित जीवशास्त्रीय ज्ञानाशीही जुळत नाहीत, असे मत समितीने नोंदविले. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मात्र आपले निष्कर्ष मागे घेतले नाहीत. पुढे १९८० च्या दशकात चीनमध्ये प्रौढ स्वयंसेवकांवर झालेल्या आहारविषयक अभ्यासांतही विकिरणित अन्नाचा दुष्परिणाम दिसला नाही.

या प्रकरणाकडे केवळ ‘एका संस्थेची चूक’ म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, कुपोषित बालकांवर असा प्रयोग करण्याच्या नैतिकतेचा प्रश्न निष्कर्षाच्या खरेखोटेपणाहून वेगळा आणि तितकाच गंभीर आहे. दोन, संशय व्यक्त झाल्यामुळेच किती पेशी, किती मात्रा, किती दिवस, असे नेमके प्रश्न विचारले गेले. विरोधकांच्या संशयाने तपासणी अधिक काटेकोर केली, हे मान्य करावे लागेल.

भारतात अन्नविकिरण नियंत्रणाचे नियम १९९१ मध्ये आले आणि अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती होऊन १९९४ मध्ये कांदा, बटाटा व मसाले यांना परवानगी मिळाली. हैदराबादच्या निबंधापासून येथपर्यंत १९ वर्षे गेली. १९९८ मध्ये आंबा, तसेच मांस व मांसजन्य पदार्थ यांचा यादीत समावेश झाला. विकिरणित पदार्थाच्या वेष्टनावर विशिष्ट चिन्ह व विकिरणाचा उल्लेख छापणे बंधनकारक करण्यात आले.

६. लासलगाव, २००२

या पार्श्वभूमीवर ‘कृषक’ केंद्र सुरू झाले. त्यापूर्वी २००० मध्ये मसाल्यांसाठी वाशी येथे विकिरण प्रकल्प कार्यान्वित झाला होता. लासलगावची निवड कांद्यामुळे झाली हे उघड आहे. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ कांदा शेतकरी चाळीत साठवितो व पावसाळ्यानंतरपर्यंत टप्प्याटप्प्याने बाजारात आणतो. या अवधीत कांदा सडतो, त्याचे वजन घटते आणि सुप्तावस्था संपताच त्याला कोंब येतात.

तत्कालीन नियमांनुसार कांद्यासाठी विहित मात्रा ०.०३ ते ०.०९ किलोग्रे होती. जिनिव्हा समितीने सुरक्षित मानलेल्या १० किलोग्रेच्या तुलनेत ती शंभर पटींहून कमी, तर हैदराबादच्या गव्हाला दिलेल्या मात्रेच्या तुलनेत आठ पटींहून कमी होती. उष्णतेच्या भाषेत बोलायचे तर या मात्रेतून मिळणाऱ्या ऊर्जेने कांद्याचे तापमान एका अंशाच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतके वाढते. कोबाल्ट-६० च्या किरणांनी कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही. तोच कांदा पुढे फोडणीत पडतो, तेव्हा त्याला मिळणारी ऊर्जा याच्या हजारो पट असते.

केंद्राच्या वाटचालीत भीतीपेक्षा व्यवहाराचे अडथळे मोठे ठरतात. विकिरणाने कोंब थांबतात, परंतु सड व वजनातील घट पूर्णपणे थांबत नाही. प्रक्रिया काढणीनंतर लवकर, सुप्तावस्थेतच करावी लागते. हंगामात एकाच वेळी येणारी प्रचंड आवक, वाहतूक आणि प्रक्रियेनंतरची योग्य साठवण यांचा खर्च कांद्याच्या अस्थिर भावात बसविणे कठीण असते. युरोपीय संघाने १९९९ मध्ये संघपातळीवर मान्य केलेल्या यादीत केवळ सुगंधी वनस्पती व मसाले होते, हीदेखील निर्यातीच्या दृष्टीने मर्यादाच होती. केंद्राला जागतिक ओळख मिळाली ती आंब्यामुळे. अमेरिकेने २००७ मध्ये विकिरणित भारतीय आंब्याला प्रवेश दिला आणि त्या हंगामातील निर्यातीसाठी हापूस आंब्यावर लासलगाव येथे प्रक्रिया झाली. २०२३ मध्ये केंद्र शासनाने कांद्याच्या राखीव साठ्यासाठी विकिरणाची चाचणी हाती घेतली, तेव्हा लासलगावचे नाव पुन्हा चर्चेत आले.

२००२ हे वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षणीय आहे. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात स्वीडनच्या अन्न प्रशासनाने आणि स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केले की, तळलेल्या व भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत, उदाहरणार्थ बटाट्याच्या वेफर्समध्ये, ॲक्रिलामाइड हे घातक द्रव्य तयार होते. म्हणजे ज्या वर्षी लासलगावात दीर्घ चौकशीनंतर किरणांना काम मिळाले, त्याच वर्षी कढई व भट्टी यांच्याविषयी एक नवा प्रश्न उभा राहिला. मांसाच्या बाबतीत लक्षात आलेली गोष्ट आता भाकरी-बटाट्याच्या दारात आली होती.

७. खाणारा आणि रांधणारी

मांसातील घातक द्रव्यांची चर्चा सामान्यतः खाणाऱ्याच्या दृष्टीने होते. महाराष्ट्रातील खाद्यपद्धतीचा विचार केल्यास या चर्चेला वेगळे परिमाण मिळते. आपल्याकडे मटण प्रामुख्याने रश्शात शिजते. पाण्याचे तापमान १०० अंशांच्या आसपास राहत असल्याने रश्शातील मांसात हेटेरोसायक्लिक अमाइन फारशी बनत नाहीत. निखाऱ्यावर भाजलेले कबाब, तंदुरी कोंबडी किंवा सुके बोंबील यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे तापमानही प्रखर असते आणि धूरही पदार्थावर बसतो. करपलेला भाग काढून टाकणे, मांस वारंवार उलटणे आणि ज्वाळेपासून अंतर राखणे या साध्या उपायांनी हे प्रमाण कमी होते. विशेष म्हणजे लासलगावच्या बाजारातील वस्तूही येथे उपयोगी पडते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोलंडमधील एका अभ्यासात डुकराचे मांस तळताना कांदा व लसूण घातल्यास त्यातील हेटेरोसायक्लिक अमाइनचे प्रमाण घटते, असे आढळले. मटणाला कांदा-लसणाचे वाटण लावण्याची पद्धत चवीसाठी रूढ झाली, परंतु तिला हाही एक आधार मिळतो.

मात्र रश्शाचे पातेले ज्या चुलीवर चढते, त्या चुलीचा विचार केल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होत नाही. अलीकडे महामार्गांवरील खानावळींवर ‘चुलीवरचे मटण’ असे फलक ठळकपणे दिसतात. ग्राहकाला त्यात चव व गावाची आठवण मिळते. पातेल्यातील मांसात घातक द्रव्ये थोडीच असतात. पण लाकूड जळताना निघणाऱ्या धुरात बेन्झोपायरीन असते आणि तो धूर चुलीपुढे बसलेली व्यक्ती, म्हणजे बहुधा स्त्री, तासन्‌तास श्वासावाटे घेत असते. एकाच वर्गातील द्रव्य खाणाऱ्याच्या ताटात नॅनोग्रॅममध्ये मोजले जाते आणि रांधणारीच्या फुप्फुसात रोज साचत राहते.

या प्रश्नाचे मोजमापही उशिराच झाले. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांचा धूलिकण व बेन्झोपायरीन यांच्याशी येणारा संपर्क मोजून १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा संपर्क अतिशय उच्च असल्याचे त्यांत दिसले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घरातील जैवइंधनाच्या, मुख्यतः लाकडाच्या, धुराला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविणारा ग्रंथ २०१० मध्ये प्रकाशित केला. प्रखर तापमानावर तळताना निघणाऱ्या वाफांचाही त्याच गटात समावेश करण्यात आला. भारतात उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५८.६ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. उरलेल्या कुटुंबांतील चूल तेव्हाही पेटतच होती.

येथे दोन चौकशांमधील अंतर पूर्णपणे स्पष्ट होते. १९७५ मध्ये १५ बालकांच्या रक्तपेशींवरून देशात वाद झाला, समिती बसली आणि धोरण थांबले. याच काळात कोट्यवधी स्त्रिया रोज ज्या धुरात बसत होत्या, त्याचे मोजमाप करण्याची निकड कोणाला वाटली नाही. गहू नव्या यंत्रातून आला होता. चूल घरातली होती.

८. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.
१) उष्णता व किरण या दोन्ही ऊर्जा अन्नात नवी द्रव्ये निर्माण करतात. तथापि किरणांना वापरापूर्वी, तर अग्नीला वापरानंतर प्रश्न विचारले गेले. या भेदाचे एक महत्त्वाचे कारण १९५८ च्या अमेरिकन कायद्यातील व्याख्येत सापडते.
२) मांसातील घातक द्रव्यांचे प्रमाण मांसापेक्षा शिजविण्याच्या पद्धतीवर अधिक अवलंबून असते. ‘मांस घातक’ किंवा ‘मांस निर्धोक’ अशी सरसकट विधाने इतिहासाच्या व विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाहीत.
३) १९७५ च्या गहू प्रकरणात निर्णायक ठरला तो मात्रा व मोजणीचा विचार. सुखात्मे यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञाचा सहभाग त्या दृष्टीने महत्त्वपूर्ण होता.
४) लासलगाव केंद्राच्या मर्यादा मुख्यतः आर्थिक व व्यावहारिक आहेत. विषारीपणाच्या भीतीने त्यांचे पूर्ण स्पष्टीकरण होत नाही.
५) घातक द्रव्यांचा सर्वाधिक संपर्क खाणाऱ्यापेक्षा धुराच्या चुलीवर रांधणाऱ्या स्त्रीला होतो आणि तिच्याविषयीचे संशोधन सर्वांत उशिरा झाले.

९. समारोप

लासलगावच्या विकिरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या मालाच्या वेष्टनावर त्याची प्रक्रिया छापलेली असते. ती छापली जाते, कारण कोणीतरी तिच्याविषयी शंका घेतली, कोणीतरी मोजणी केली आणि शासनाने नियम केले. ही लोकशाही समाजातील जमेची बाजू होय. परंतु शंका घेण्याची ही क्षमता केवळ नव्या आणि दूरच्या यंत्रांसाठी राखून ठेवली, तर जुन्या आणि जवळच्या धोक्यांकडे दुर्लक्ष होते. अन्नातील कोणत्याही द्रव्याविषयी बोलताना ते कोणते, किती, कोणाच्या शरीरात आणि किती काळ, हे चार प्रश्न विचारले गेले पाहिजेत. १९७६ मध्ये गव्हाच्या बाबतीत ते विचारले गेले. तेच प्रश्न त्या गव्हाची पोळी भाजणाऱ्या चुलीपाशी बसलेल्या स्त्रीविषयी विचारण्यास आणखी काही वर्षे जावी लागली, हे या इतिहासाचे अप्रिय, परंतु नोंद घेण्याजोगे तात्पर्य आहे.